पाच पायांचा बैल

पावसाळ्यात आमच्या झाडीपट्टीत पाय कोरडे ठेवून जगता येत नाही. आषाढात धानाच्या बांध्या पाण्याने भरतात, चिखलणी होते आणि बायकांच्या रांगा कंबरेत वाकून परहे रोवू लागतात. माझी आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. अंगणवाडी सुटली की तीही त्या रांगेत जाऊन उभी राहते. महिनाभर चिखलात राहून तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. रात्री चुलीपुढे बसून ती त्यांत कोमट तेल सोडते आणि माझ्याकडे पाहून दरवर्षी तेच वाक्य म्हणते, “तुहे पाय असे होऊ नये म्हनून तुले कालेजात धाडलं.”

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे चिखल म्हणजे मागे टाकून यायची वस्तू, एवढाच अर्थ माझ्या मनात पक्का बसला होता. असे असताना गेल्या श्रावणात मी सतरा पोरांना भोवती घेऊन, आपल्या हौसेने, चिखल मळत बसले. या गोष्टीचे माझे मलाच नवल वाटते. त्या आठ-दहा दिवसांत माझ्या हातून एक चूकही झाली. ती चूक सांगावी म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

झाले असे, की श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात आईला तापाने धरले. सेविकाबाई एकट्या पडल्या. एकीकडे मुलांची वजने, आहाराच्या नोंदी, मोबाइलमध्ये भरायची माहिती आणि दुसरीकडे तीन ते सहा वर्षांची सतरा पोरे! बाईंची धांदल बघवेना, म्हणून मी आईच्या जागी हाताखाली जाऊ लागले. (त्या दिवसांत वर्गात माझी जागा रिकामी का होती, याचा खुलासा प्राध्यापक महाशयांना येथे मिळेल आणि ते क्षमा करतील, अशी आशा आहे.)

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा तान्हा पोळा आपल्याकडच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. चाकांचा लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत दारोदार न्यायचा आणि बोजारा गोळा करायचा, हे सुख आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिले आहे. पण ते सगळ्यांनी भोगलेले नाही. बाजारातला लाकडी नंदी स्वस्त नसतो. आमच्या सतरा पोरांत नंदी होते चौघांकडे. उरलेली तेरा पोरे त्या चौघांच्या मागे चालणार, हे ठरलेलेच. मी लहान होते तेव्हा मीही मागेच चालत असे. बाईंना म्हटले, “आपण मातीचे बैल करू. सगळ्यांचे.” बाई म्हणाल्या, “कर बाप्पा काहीही, पण यांना एका जागी बसव.”

आमच्या गावाच्या बोडीला लागून कुंभारांची घरे आहेत. पूर्वी सात-आठ होती, आता दोनच उरली. उन्हाळ्यात बोडी आटली की ते तळची माती खणून आणतात, वाळवतात, कुटतात, चाळतात, भिजत घालतात आणि मग पायांनी तुडवतात. त्यात चाळलेली राख मिसळतात. असे केल्यावर त्या मातीत एक खडा सापडत नाही आणि ती लोण्यासारखी बोटाला लागते. मी घमेले घेऊन गेले, तेव्हा कुंभारभाऊ आव्याची जागा झाडत होते. “कायले पायजे?” त्यांनी विचारले. “अंगणवाडीत बैल करायला,” मी म्हटले. ते काही बोलले नाहीत. घमेलेभर माती काढून दिली, पैसे मात्र घेतले नाहीत.

पहिला दिवस पार फसला. मी एक नमुन्याचा बैल केला. एक लांबट गोळा, त्याला चिकटवलेले चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट. पोरांनी पाहून पाहून केले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघतो तो काय? माझ्या बैलासकट सगळे बैल पोटावर बसलेले आणि भोवती पायांचा खच! ते पाय घेऊन मी पुन्हा बोडीकडे गेले. भाऊ घरी नव्हते. त्यांची म्हातारी आई ओसरीवर बसली होती. तिने एक तुटका पाय हातात धरला, वास घ्यावा तसा डोळ्यांजवळ नेला आणि हसली. म्हणाली, “पाय लावाचे नसतेत पोरी, अंगातून काढाचे असतेत.”

आजीने तिथल्या तिथे एक गोळा घेतला. त्याच गोळ्याचे चार कोपरे चिमटीत धरून हळूहळू खाली ओढले. झाले चार पाय! वरून दोन चिमटे, झाली शिंगे. एका जिवाचा बैल. वेगळा तुकडा लावायचाच असेल, तर दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या ओढायच्या, त्यांत पातळ चिखल भरायचा आणि मग दाबायचे. नुसता ओला गोळा ओल्या गोळ्याला चिकटवला, तर तेव्हा धरून राहिल्यासारखा वाटतो. पण माती वाळताना आकसते, बारीक पाय आधी वाळतो, जाड अंग मागून वाळते आणि दोघांची फारकत होते. हे कारण मी पुढे समजून घेतले. आजीला ते बोटांनीच ठाऊक होते.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. माती हातात आली की कोणते मूल काय करते, हे पाहण्यासारखे असते. तीन वर्षांच्या मुलाला बैलाशी कर्तव्यच नसते. ते माती थापते, फोडते, तिच्यात बोट खुपसते आणि बोट काढल्यावर राहिलेल्या भोकात डोळा लावून बघते. चार वर्षांचे मूल दोन्ही तळव्यांत माती वळून साप करते आणि साप झाला, की तो शेजाऱ्याच्या अंगावर सोडते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र काहीतरी ‘करायचे’ असते आणि ते करण्याआधीच ते काय आहे हे सांगायचेही असते. एका मुलीने बसलेला बैल केला. उभा का नाही, असे विचारल्यावर म्हणाली, “रोवना झाला. थकला तो.” एका मुलाचा बैल सारखा पुढे कलंडत होता. त्याने कुणाला न विचारता पोटाच्या मधोमध पाचवा पाय काढला. बैल उभा राहिला. मी म्हटले, “अरे, बैलाला पाय किती?” त्याने बाहेर बांधलेल्या बैलाकडे पाहिले आणि उत्तर दिले, “त्याले चार. माह्याले पाच.” या उत्तरात चूक कुठे आहे, ते मला अजून सापडलेले नाही.

आकडे आपोआप येत होते. चार पाय, दोन शिंगे, दोन कान, एक शेपूट, मिळून नऊ. माती वाटताना ‘त्याचा गोळा मोठा, माझा लहान’ ही तक्रार आली की दोन गोळे तळहातांवर घेऊन तोलायचे. डोळ्यांना लाखोरीचे दाणे लावायचे ठरवले, ती मात्र माझी चूक झाली. एका पठ्ठ्याने दाणा बैलाच्या डोळ्याला न लावता स्वतःच्या नाकात घातला. शिंका येऊन तो बाहेर पडेपर्यंत माझा आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता. बाईंनी लाखोरी बंद केली. इतक्या लहान पोरांच्या हाती बारीक दाणा द्यायचा नसतो, हे मला आधी कळायला हवे होते. मग डोळे काडीच्या टोकाने टोचून केले. तेच अधिक चांगले दिसले.

या सगळ्या गडबडीत एक मुलगा भिंतीला टेकून बसत असे. कुंभारभाऊंचा धाकटा. वय पाच. त्याने तीन दिवस मातीला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. चौथ्या दिवशी त्याने उरलेला एक गोळा उचलला, त्यात अंगठा रोवला आणि गोळा डाव्या हातावर फिरवत फिरवत उजव्या हाताच्या चिमटीने काठ वर काढत नेला. बघता बघता वाटीएवढे गाडगे झाले. काठ सगळीकडे सारखा. पोरे आपापले बैल टाकून त्याच्याभोवती गोळा झाली. मला तर आनंद आवरेना. मी ते गाडगे उंच धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, “पाहा! कुंभाराचा पोरगा आहे तो. त्याच्या रक्तातच आहे!”

हीच ती चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारभाऊ अंगणवाडीच्या दाराशी आले. आत आले नाहीत. मला बाहेर बोलावले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते शब्द जास्त लागले. “तू कालेजात जातेस ना बाई? तुह्या मायनं तुले चिखलातून काढलं. मंग माह्या पोराले कायले चिखलात बसवतेस? माती त त्याले घरीच भेटते. अठी अक्षर भेटन म्हनून धाडतो मी त्याले.” मी काही सांगू लागले, तसे ते पुन्हा म्हणाले, “रक्तात हाय म्हनलीस ना काल? रक्तात हाय त मंग झालं. शाळा कायले पायजे?”

ते निघून गेले. मी तशीच उभी राहिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. भाऊंचा राग मला अन्यायाचा वाटत होता. मी तर कौतुक केले होते! पण पडल्या पडल्या एक जुनी गोष्ट आठवली. पहिल्या वर्षाला असताना एका शिबिरात झाडांसाठी खड्डे खणायचे होते. कुणीतरी कुदळ माझ्या हाती देत म्हटले, “तुला सवय असेल. तुम्हा लोकांचा हात बसलेला असतो.” तेही कौतुकच होते. मी सहा खड्डे खणले. पण त्या दिवशी जेवताना मी कुणाशी बोलले नाही. माझ्या हाताचे कौतुक करताना त्या माणसाने माझी जागाही मला दाखवून दिली होती. मी त्या पाच वर्षांच्या मुलाला दुसरे काय केले होते? गाडगे त्याने केले. श्रेय मी त्याच्या जातीला दिले.

कॉलेज सुरू झाल्यावर मी ग्रंथालयात या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले. माती आणि मूल यांचे नाते थोरांनी पूर्वीच ओळखले आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली, तिथे मुलांच्या उद्योगांत मातीकाम होते. आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या उद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे चित्रकार १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथल्या मुलांचे कलाशिक्षक होते. ते स्वतः कुंभारकाम करीत. कुंभाराच्या घरी न जन्मलेला माणूस चाकावर बसतो आणि मुलांनाही बसवतो, हे वाचून मला फार धीर आला. इकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. महागडी साधने नसलेल्या गावात शंख, शिंपले, बिया, पाने, माती यांतूनच बालशिक्षण होऊ शकते, हे त्यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर दाखवून दिले. ‘अंगणवाडी’ हे नावही ताराबाईंच्याच प्रयोगातून आले, असे म्हणतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव गावोगाव गेले. आज २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन वर्षांपासूनच्या मुलाने खेळातून शिकावे असे सांगते.

हे वाचून मी भाऊंना उत्तर द्यायला निघणारच होते. पण राज्यशास्त्राच्या तासाला सरांशी बोलताना दुसरी बाजू समोर आली. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. वरवर पाहता कल्पना किती गोड! परंतु घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरायचा, कुंभाराच्या मुलाने चाक धरायचे आणि ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांच्या मुलांनी पुस्तके धरायची! पेरियार रामस्वामी आणि इतरांनी तिला कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांच्या राजवटीत योजना रद्द झाली. डॉ. आंबेडकरांनी तर १९३६ सालीच जातिव्यवस्थेने माणसांचीच कशी वाटणी केली आहे, ते मांडून ठेवले होते.

सर सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे दाराशी उभे असलेले कुंभारभाऊ येत होते. चौथीत शाळा सोडलेल्या त्या माणसाने यातले एकही पुस्तक वाचलेले नाही. पण मद्रासच्या लोकांना जे कळले होते, ते त्यांनाही कळले होते. नई तालमीतला उद्योग आणि मद्रासच्या योजनेतला उद्योग यांत फरक कोणता? माझ्या अल्पमतीला तो असा वाटतो. एकात माती सगळ्यांच्या हातात येते. दुसऱ्यात ती ज्याच्या घरी आहे त्याच्याच हातात राहते. एकच माती, पण पहिल्यात ती शिक्षण होते आणि दुसऱ्यात बेडी. आणि मी सतरा पोरांच्या हातात माती देऊन पहिला मार्ग धरला होता खरा. पण एका वाक्याने त्यातल्या एका मुलाला दुसऱ्या मार्गावर ढकलून दिले.

हा सगळा विचार मागाहूनचा. त्या वेळी, दुसऱ्या सकाळी, मला एवढेच सुचले की भाऊंनी अक्षर मागितले आहे, तर अक्षर द्यावे. मी मातीच्या वळ्या करून पाटीवर अक्षरे मांडायला घेतली. ज्याच्या त्याच्या नावाचे पहिले अक्षर. भाऊंच्या मुलाचे अक्षर होते ‘ग’. त्याने वळी सुरेख केली, पण अक्षर उलटे मांडले, आरशात दिसते तसे. या वयाची पुष्कळ मुले असे करतात. पाटीवर पेन्सिलने उलटे लिहिले असते, तर पुसावे लागले असते. इथे मी ती वळी अलगद उचलली आणि पालथी केली. ‘ग’ सरळ झाला! तो किती वेळ टक लावून बघत राहिला. मग त्याने ती स्वतः उलटी केली, सरळ केली, उलटी केली, सरळ केली. दुपारपर्यंत त्याचा हाच खेळ चालला होता. सोबत त्याने एक बैलही केला. मी म्हटले, “छान उभा राहिलाय. पाय तू जाड ठेवलेस म्हणून.” त्याच्या बापाचा उल्लेख मी केला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सतराही पोरांकडे बैल होते. चार लाकडाचे, तेरा मातीचे. शिवाय लाकडी नंदीवाल्या चौघांनी हट्ट करून आपलेही मातीचे बैल सोबत घेतले होते. गेरू, चुना आणि हळदीने ते रंगवले होते. मातीच्या बैलांना चाके नव्हती, म्हणून फळीच्या तुकड्यांवर बसवून दोरीने ओढायचे ठरले. मिरवणूक हनुमानाच्या देवळापर्यंत गेली आणि पावसाची जोराची सर आली. भाजलेले बैल नव्हते ते. पावसाळ्यात आवा कुठला पेटायला! पोरे पळाली तरी सहा-सात बैल भिजून गेले. माझा चेहरा पडला. एक पोर रडत होते. पाच पायांच्या बैलाचा मालक मात्र आपल्या फळीवरचा गोळा बघून म्हणाला, “ताई, माती हाय ना अजून?” माती होती. त्याने तिथेच ओसरीवर बसून त्याच गोळ्याचा पुन्हा बैल केला. या खेपेला पायांची संख्या सहा होती. बोजारा मात्र सगळ्यांना मिळाला.

दसरा झाला, उघाड पडली, धान निसवले. दिवाळीच्या आधी पोरांकडून पणत्या करून घ्याव्यात, असे बाईंच्या मनात आले. आता भाजण्यासाठी भाऊंकडे जाणे भाग होते. मी भीत भीत गेले. आधी म्हटले, “भाऊ, त्या दिवशी माझं चुकलं.” ते म्हणाले, “जाऊ दे.” थोडा वेळ गेला. मग मी पणत्यांचे विचारले. त्यांनी विचारले, “सगळ्याच पोराईनं केल्या का? पाटलाच्याही?” मी म्हटले, “सगळ्यांनी. पाटलांच्या नातवाची सगळ्यांत वाकडी आहे.” ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “आन.”

बाईंनी पोरांना आवा बघायला नेले. खाली गोवऱ्या, त्यावर मडकी, मडक्यांच्या फटींत आमच्या चौतीस पणत्या, वर तणीस, त्यावर धानाचा कोंडा आणि सगळ्यावर मातीचा लेप. भाऊ एकेक पणती हातात घेऊन गालाला लावून बघत होते. थंड लागली की आत ओल आहे. अशा तीन पणत्या त्यांनी बाजूला ठेवल्या. मी म्हटले, “वाळल्यासारख्या दिसतात की!” ते म्हणाले, “दिसतेत.” आत ओल राहिली, तर तापल्यावर तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि पणती फुटते. माती साधारण सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, की तिच्या अंगचे पाणीही निघून जाते आणि मग ती पुन्हा कधी चिखल होत नाही. हा आकडा मी पुस्तकातून घेतला. भाऊ आगीचा रंग बघून सांगतात.

दुसऱ्या दिवशी आवा उघडला. एकतीसपैकी आठ फुटल्या होत्या. त्यांत माझीही एक होती, कारण तिचा बूड मी फार जाड ठेवला होता. भाऊ पोरांपुढे उकिडवे बसले आणि फुटलेल्या पणत्यांची खापरे एकेक दाखवत, कोणती का फुटली ते सांगू लागले. पोरे चिडीचूप! बाईंच्या तासाला मी ती इतकी शांत कधी पाहिली नव्हती. निघताना बाईंनी अंगणवाडीची भेटवही पुढे केली. तीत साहेबांच्या, डॉक्टरांच्या, मोठमोठ्या लोकांच्या सह्या असतात. भाऊंनी हात धोतराला पुसले आणि फार सावकाश, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिले.

ते बघताना मला पवनी आठवली. आपल्या पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, त्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. अशा प्रत्येक उत्खननात खापरेही निघतात. ज्यांनी दगड दिले त्यांची नावे राहिली. ज्यांनी मडकी घडवली त्यांची खापरे राहिली, नाव नाही. भेटवहीतल्या त्या एका ओळीकडे मी म्हणूनच इतका वेळ बघत होते.

येत्या जूनमध्ये भाऊ आपल्या मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणार आहेत. गाडी घ्यायला येते, फी मोठी आहे. दोन आव्यांचा पैसा त्यात जाईल. तिथे माती नसेल. त्यांनी चूक केली, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझ्या आईने माझ्यासाठी तेच केले. माझी इच्छा एवढीच, की त्या शाळेतही कधी एखादे घमेले माती यावी आणि सगळ्या पोरांपुढे यावी. आणि तो मुलगा तिला हात लावायला लाजू नये, की त्याला कुणी ती मुद्दाम देऊ नये.

आई आता बरी आहे. अंगणवाडीत तिची ती जाते. मी सुट्टीच्या दिवशी अधूनमधून डोकावते. पोरे काही ना काही करून आणून दाखवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. पूर्वी माझ्या तोंडून पटकन निघत असे, ‘अरे वा, कुणाचा आहेस तू?’ आता मी ते वाक्य गिळते. वस्तू हातात घेते, नीट फिरवून बघते आणि म्हणते, “हे तू केलंस.”